वाचनालयाचा सर्व्हर: बोर्ड बदलला आणि डेबियन दिसेनासं झालं (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२४, रविवार

शुक्रवारी रात्री वळीव झाला. गावातले दोन टीव्ही, एक फ्रीज आणि आमच्या वाचनालयाचा सर्व्हर गेला. सर्व्हर म्हणायचं आपलं. आहे साधाच डेस्कटॉप, आय-थ्री ८१००, ८ जीबी रॅम. पण साडेअठरा हजार पुस्तकांची सगळी दाखल नोंद आणि रोजची देवघेव त्याच्यावर चालते. एसएसडीवर दोन सिस्टिम आहेत: कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरसाठी डेबियन १२ हे लिनक्स, आणि विंडोज १०. विंडोज ठेवलंय ते फक्त श्री-लिपीत टाइप केलेली जुनी परिपत्रकं उघडावी लागतात म्हणून.

आज जाऊन पाहिलं. पॉवर बटण दाबल्यावर काहीच हलत नाही. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) सोडवला, चोवीस पिनी कनेक्टरची हिरवी आणि काळी वायर पिनेने जोडली, पंखा फिरला. म्हणजे एसएमपीएस जिवंत, बोर्ड मेला. लॅन पोर्टाजवळ जळका वासही येत होता. विजेचा लोळ राउटरच्या केबलीतून आत शिरला असणार. यूपीएस लावला होता, पण तो विजेच्या तारेवर. केबलीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, माझंही नाही.

एसएसडी काढून घरी नेली, दुसऱ्या मशीनला लावली, सगळे पार्टिशन दिसले. रोज रात्री होणारा कोहाचा बॅकअप दुसऱ्या हार्ड डिस्कवर शुक्रवारचाही आहे. जीव भांड्यात पडला.

ग्रंथपाल ताईंनी देवघेव चिठ्ठ्यांवर सुरू केली आहे. दाखल नोंदवही आपण कागदावरही ठेवतो, नाहीतर अनुदानाच्या तपासणीला काय दाखवणार? तिचा आज उपयोग झाला.

४ जून, मंगळवार

दुकानात फोन केला तर आज मतमोजणी. टीव्हीपुढून कुणी उठेना. संध्याकाळी बोलणं झालं. जुना बोर्ड ज्या कंपनीचा होता तो आता मिळत नाही. त्याच एच-३१० चिपसेटचा, पण दुसऱ्या कंपनीचा बोर्ड आहे. प्रोसेसर आणि रॅम तेच चालतील. एसटीच्या पार्सलने पाठवायला सांगितला.

८ जून, शनिवार

बोर्ड आला. दुकानाने ओळखीतला एक टेक्निशियन दादा जोडून दिला होता, त्याने तासाभरात बसवला. हात चांगला आहे पोराचा, केबली नीट बांधल्या. मशीन सुरू केलं आणि थेट विंडोज. ग्रब, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा लिनक्सचा बूट लोडर, त्याचा निळा पडदा आलाच नाही.

एफ-११ दाबून बूट मेन्यू उघडला. दोनच नावं: एक विंडोज बूट मॅनेजर, दुसरं नुसतं एसएसडीचं मॉडेल. दुसरं निवडून पाहिलं, तरी विंडोजच.

दादा म्हणाला, "सर, लिनक्स उडालंय. फॉरमॅट मारून दोन्ही फ्रेश टाकून देतो, संध्याकाळपर्यंत काम होईल."

त्याला चहा पाजला आणि थांबवला. रागावण्यासारखं काही नव्हतं, कारण समोर दिसत होतं ते तसंच दिसत होतं. पण आठवड्यापूर्वी मी ही डिस्क दुसऱ्या मशीनला लावून पाहिली होती, लिनक्सचं पार्टिशन जागेवर होतं. मधल्या काळात तिच्यावर कुणी काही लिहिलेलं नाही. मग उडेल कसं?

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येही ते दिसतं, फक्त त्याला ड्राइव्ह अक्षर नाही आणि फाइल सिस्टिमचं नाव नाही. इथे एक सांगून ठेवतो: त्याला अक्षर देऊ नका. दिलंत की विंडोज विचारतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? घाईत हो म्हणणारे मी पाहिलेत.

घरी आल्यावर ताईंना समजेल अशा भाषेत कारण लिहून काढलं, तेच इथे ठेवतो. जुन्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या) काळात बूट लोडरचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्याच सेक्टरवर असायचा, ४४६ बाइटांच्या जागेत. डिस्क उचलून दुसऱ्या मशीनला लावली की तो तुकडा सोबत जायचा. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयमध्ये तसं नाही. बूट लोडरची फाइल डिस्कवरच असते, ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये. पण 'अमुक पार्टिशनमधली तमुक फाइल चालव' ही नोंद बोर्डावरच्या चिपमध्ये असते. आपल्या वाचनालयात पुस्तक कपाटात असतं आणि कार्ड कॅटलॉगच्या खणात. वीज पडून कॅटलॉगचा खण जळाला, कपाट शाबूत आहे. नवा खण आणला, त्यात कार्ड नाही, एवढंच.

मग विंडोजचं कार्ड कुठून आलं? बहुतेक बोर्ड मायक्रोसॉफ्टची फाइल तिच्या ठरलेल्या जागी आहे का हे स्वतःहून पाहतात आणि असली तर नोंद करून टाकतात. डेबियनच्या फोल्डरला हा मान नाही. आणि नुसतं एसएसडीचं नाव निवडलं की बोर्ड एका राखीव पत्त्यावर जातो: ईएफआय पार्टिशन, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल. पेन ड्राइव्हही याच पत्त्यावरून सुरू होतात. विंडोज बसवताना तिथे आपल्या बूट मॅनेजरची प्रत ठेवतं. डेबियन आपण होऊन तिथे काही ठेवत नाही. म्हणून दोन्ही दरवाजे विंडोजच्याच ओसरीवर उघडत होते.

९ जून, रविवार

डेबियन १२ ची लाइव्ह पेन ड्राइव्ह (डिस्कवर काही न बसवता थेट चालणारी) विंडोजमध्येच रुफस या प्रोग्रॅमने तयार केली. तिच्यावरून सुरू झालो, टर्मिनल उघडलं, बोर्डावरच्या बूट नोंदी दाखवणारं ईएफआयबूटएमजीआर चालवलं. उत्तर आलं: या सिस्टिमवर ईएफआय व्हेरिएबल नाहीत.

हा पहिला फटका. नव्या बोर्डावर सीएसएम, म्हणजे जुन्या बायोसचं सोंग घेण्याची सोय, चालू होती. त्यामुळे बूट मेन्यूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसते, एकदा नुसती आणि एकदा नावापुढे यूईएफआय लावून. मी नुसती निवडली. मशीन जुन्या पद्धतीने सुरू झालं की बोर्डाच्या नोंदवहीपर्यंत हात पोचतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे: सिस फोल्डरमधल्या फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर असलं तर बरोबर दारातून आलात, नसलं तर परत फिरा. परत फिरलो. सेटिंगमध्ये जाऊन सीएसएम बंदच करून टाकलं. आता जुनं असं या मशीनवर काही नाही.

दुसऱ्या वेळी यादी आली: ०००० वर विंडोज, ०००३ वर पेन ड्राइव्ह. डेबियन नाही. अपेक्षेप्रमाणेच.

एलएसबीएलके चालवून डिस्क आणि पार्टिशनची नावं पाहिली. लाइव्हमध्ये हे आधी करायचं, कारण कधी पेन ड्राइव्हच एसडीए, म्हणजे पहिली डिस्क, होऊन बसते. आज एसएसडी एसडीए होती. तिच्यावर: एक नंबरला विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन, दोनला १०० एमबीचं ईएफआय, तीनला १६ एमबीचं मायक्रोसॉफ्टचं राखीव, चारला विंडोज, पाचला डेबियन, सहाला स्वॅप. दोन नंबर माउंट करून आत डोकावलो. बूट, मायक्रोसॉफ्ट आणि डेबियन, तिन्ही फोल्डर होते. डेबियनच्या फोल्डरात शिमएक्स६४ (शिम, म्हणजे ग्रबला सुरू करणारा छोटा लोडर), ग्रबएक्स६४ आणि ग्रबची छोटीशी कॉन्फिग फाइल. ही कॉन्फिग अवघ्या तीन ओळींची असते. पहिल्या ओळीत मूळ पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. तो पाच नंबरच्या पार्टिशनच्या यूयूआयडीशी अक्षर अक्षर जुळवून पाहिला. जुळला. कपाट शाबूत.

मग कार्ड लिहायचं. ईएफआयबूटएमजीआरला क्रिएट सांगायचं, डिस्क सांगायची, लेबल डेबियन, आणि लोडर म्हणून शिमएक्स६४ चा पूर्ण पत्ता. पत्त्यात उलट्या तिरप्या रेघा असतात, म्हणून तो एकेरी अवतरण चिन्हांत ठेवायचा, नाहीतर शेल त्या रेघा गिळतो. कमांड चालली, काही तक्रार नाही. यादीत डेबियन पहिल्या क्रमांकावर. नव्या नोंदीला ईएफआयबूटएमजीआर क्रमात पुढेच बसवतो.

ताईंना हाक मारली, या बघायला. रीस्टार्ट केलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि विंडोज आलं.

एफ-११ मेन्यूत डेबियन नाव दिसतंय. निवडलं की पुन्हा काळा पडदा, पुन्हा विंडोज. तीनदा केलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुमची पाचची गाडी आहे ना?" फोनवर दोन्ही नोंदींचे तपशीलवार फोटो काढले आणि निघालो.

१२ जून, बुधवार (घरून)

दोन दिवस डोक्यात सिक्युअर बूटचा, म्हणजे सही नसलेला लोडर अडवणाऱ्या सोयीचा, भुंगा होता. पण तो या बोर्डावर बंदच आहे. शिवाय शिम सहीचाच असतो, चालू असता तरी अडला नसता. सगळी शोधाशोध फुकट गेली.

आज जेवताना फोटो पुन्हा काढून पाहिले. विंडोजच्या नोंदीत पत्त्याची सुरुवात एचडी, मग कंस, मग २, अशी आहे. माझ्या नोंदीत एचडी, कंस, १. एवढाच फरक. पार्टिशनचा नंबर द्यायचा मी विसरलो होतो, आणि दिला नाही तर ईएफआयबूटएमजीआर गुपचूप १ धरतो. १ वर आहे रिकव्हरी. तिथे डेबियनचं फोल्डर कुठून असणार? बोर्डाने पाहिलं, नाही मिळालं, पुढच्या नोंदीवर गेला. बरं, दोन नंबरचं पार्टिशन मी स्वतः माउंट करून पाहिलं होतं, त्यानंतर पाच मिनिटांत ही चूक. इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत ईएफआय पार्टिशन पहिलंच असतं, तिथून उचललेली कमांड आणि हाताची सवय.

एका मित्राने फोनवर वेगळा तोडगा सुचवला: पेन ड्राइव्ह नकोच, विंडोजमध्येच बीसीडीएडिट कमांडने विंडोज बूट मॅनेजरच्या नोंदीतला पत्ता बदलून शिमकडे वळवायचा. चालतं हे. पण मग नोंदीचं नाव विंडोज आणि आत डेबियन, असं होतं. माझ्यानंतर कुणी हे मशीन उघडलं तर त्याने काय समजायचं? पुस्तक एक आणि मुखपृष्ठ दुसऱ्याचं, हा प्रकार वाचनालयात तरी नको.

१५ जून, शनिवार

चुकीची नोंद तिच्या नंबराने पुसली. नवी लिहिली, या वेळी पार्ट २ देऊन. लिहिल्यावर तपशीलवार यादी मागवली आणि एचडीच्या कंसातला २ बोटाने दाखवून ताईंकडून मोठ्याने वाचून घेतला. रीस्टार्ट. निळा ग्रब आला.

डेबियनने नव्या बोर्डाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याचं इनिट्रॅमएफएस (सुरू होताना आधी मेमरीत चढणारी छोटी सिस्टिम) मुळातच बहुतेक सगळे ड्रायव्हर पोटात घेऊन बनतं, आणि एफएसटॅब या पार्टिशनांच्या यादीत पार्टिशन यूयूआयडीने लिहिलेले, त्यामुळे डिस्क कुठल्या साटा पोर्टला लावली याला महत्त्व नाही. कोहाच्या मारियाडीबी डेटाबेसने अर्धवट तुटलेले व्यवहार आपले आपण निस्तरले. कोहाचा झेब्रा इंडेक्स (पुस्तकं शोधायची सूची) मी खात्रीसाठी पुन्हा पहिल्यापासून बांधायला लावला, चाळीसेक मिनिटं गेली. 'ययाति' शोधलं, चारही प्रती आल्या. विंडोज मात्र कोपऱ्यात अॅक्टिव्हेशन मागत बसलंय. ते दुखणं वेगळं, सध्या राहू दे.

काउंटरवरच्या मशीनवरून सर्व्हर मिळत नाही. कारण कळलं, पण आज वेळ नव्हता: जुन्या बोर्डावर नेटवर्क कार्डाचं नाव ईएनपी२एस० होतं, नव्यावर ईएनपी३एस० आहे. हे नाव कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून पडतं. कॉन्फिग जुन्या नावाने, म्हणून नवं कार्ड बेवारस. ताई म्हणाल्या, "मी सर्व्हरपुढेच बसून चिठ्ठ्या चढवते, तुम्ही या उद्या." बारकोड स्कॅनर नुसता कीबोर्डसारखा असतो, तो कुठेही लावा, चालतो. परतीच्या जुन्या तारखा घालता याव्यात म्हणून कोहात ती सवलत चालू करून दिली आणि गाडी पकडली.

रात्री आठला ताईंचा फोन. "दादा, आज पंधरा ना? मग हा सोळा का छापतोय?"

१६ जून, रविवार

गंमत अशी झाली. बोर्ड बसवताना टेक्निशियन दादाने सेटिंगमध्ये घड्याळ आपल्या भिंतीवरच्या वेळेला लावलं. कुणीही तेच केलं असतं, विंडोजही बोर्डाचं घड्याळ तसंच वाचतं. लिनक्स मात्र बोर्डाच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे असं धरून चालतं आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. संध्याकाळचे साडेसहा झाले की सर्व्हरच्या लेखी मध्यरात्र. आमचं वाचनालय उघडं असतं संध्याकाळी पाच ते आठ! इतकी वर्षं हे दिसलं नाही, कारण इंटरनेट मिळालं की वेळ आपोआप सरळ व्हायची. काल नेटवर्कच नव्हतं. एकाच वेळी दोन खोड्या असल्या की असं होतं. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात दुपारी चारला साडेनऊ दिसत असणार, माझ्या समोर. पाहिलं ताईंनी.

म्हणून क्रम असा ठेवला: आधी नेटवर्क. इंटरफेसेस फाइलमध्ये नव्या कार्डाचं नाव घातलं. काउंटरचं मशीन लगेच जोडलं गेलं. राउटरवर जुन्या कार्डाच्या मॅक पत्त्यासाठी राखून ठेवलेली जागाही बदलली. नाहीतर दुसरं कुठलं मशीन सर्व्हरचा पत्ता घेऊन बसलं असतं. मग टाइमडेटसीटीएलने पाहिलं, वेळ सरळ झालेली. उरलं विंडोज: आता ते साडेपाच तास मागे दाखवणार. त्याच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही नोंद १ करून टाकली, म्हणजे तेही यूटीसी धरतं.

काल साडेसहानंतर चढवलेल्या ४३ चिठ्ठ्यांवर देवघेवीची तारीख १६ पडली आहे. देय तारखा ताईंनी हाताने घातल्या होत्या, त्यामुळे कुणालाही चुकीचा दंड लागत नाही. डेटाबेसमध्ये थेट हात घालून तारखा मागे नेता आल्या असत्या. नेल्या नाहीत. कागदावर शेरा लिहून चिठ्ठ्यांचा गठ्ठा फाइलला लावला, खाली दोघांच्या सह्या.

२३ जून, रविवार

आठवडाभर मशीन रोज बंद-चालू झालं, नोंद टिकली. तरी पुन्हा असं झालं आणि मी नसलो तर काय, म्हणून आज त्या राखीव पत्त्याचा बंदोबस्त केला. डीपीकेजी-रिकॉन्फिगर कमांडने ग्रबच्या ईएफआय पॅकेजला सेटिंगचे प्रश्न पुन्हा विचारायला लावले. त्यात एक प्रश्न येतो: काढता येणाऱ्या डिस्कच्या पत्त्यावरही जादा प्रत बसवू का? हो म्हणालो. हे उत्तर पॅकेज लक्षात ठेवतं, पुढच्या अपडेटला ती प्रतही ताजी होते. विंडोजची तिथली प्रत गेली, पण त्याची स्वतःची फाइल मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात आहेच. ते नेहमीसारखं सुरू होतं, तपासलं.

खरी परीक्षा म्हणून डेबियनची नोंद मुद्दाम पुसली आणि मशीन सुरू केलं. वाटलं होतं ग्रब येईल. आलं विंडोज. विंडोजची नोंद जिवंत असेपर्यंत बोर्ड राखीव पत्त्याकडे जातच नाही! पण एफ-११ दाबून नुसतं एसएसडीचं मॉडेल निवडलं, आणि ग्रब आला. म्हणजे जादा प्रतीने आपोआप काही होत नाही, पण पेन ड्राइव्ह आणि कमांडशिवाय एका कळीवर काम भागतं. ताईंना तेवढं पुरे आहे. त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिलं. डेबियन सुरू झाल्यावर त्याच्यातूनच नोंद पुन्हा लिहिली, पार्ट २ सकट.

कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून दोन कागद चिकटवले: एलएसबीएलकेची यादी, आणि ईएफआयबूटएमजीआरची तपशीलवार यादी. २ ला लाल पेनाने गोल केला. लॅन केबलीसाठी सर्ज प्रोटेक्टर सांगितला आहे. तो येईपर्यंत आभाळ भरून आलं की शिपाईमामा केबल उपटतात. आज दोनदा उपटली, दोन्ही वेळा पाऊस आला नाही.